वास कुठून येतो?

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि न्यू जर्सीत वाढतोय. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याला थोडं मराठी शिकवतो. एका रविवारी रामायण चाललं होतं. कैकेयीनं वर मागितले, राम वनवासाला निघाला, असं मी रंगात येऊन सांगत होतो, तर हा मध्येच म्हणाला, "मामा, रामाला चौदा वर्षं जंगलाचा वास घ्यायला कशाला पाठवलं?"

मागे ताईला हसू आवरेना. पण त्याचं तसं काही चुकलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं होतं, नाकाला कळतो तो वास. भाताचा वास, साबणाचा वास. मग वनाचा वास तो वनवास. समास त्यानं अगदी बरोबर सोडवला होता. शब्द तेवढा दुसरा निघाला.

"तो वास वेगळा, हा वास वेगळा," असं म्हणून मी वेळ मारून नेली. "मग दोन्ही सारखेच का लिहितात?" या पुढच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हा लेख त्या उत्तराचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पेलेल त्यापेक्षा तो बराच लांबला, पण त्याला माझा इलाज नाही.

एका नावाची तीन माणसं

गावात एकाच नावाची तीन माणसं असतात, तसं संस्कृतात 'वास' या एका रूपात तीन शब्द राहतात. पाणिनीय व्याकरणाच्या परंपरेत धातुपाठ नावाची एक यादी आहे. सुमारे दोन हजार धातू, म्हणजे क्रियापदांची मुळं, आणि प्रत्येकापुढे एकदोन शब्दांत अर्थ, इतकी आटोपशीर. त्या यादीत 'वस निवासे' आहे, म्हणजे राहणे. 'वस आच्छादने' आहे, म्हणजे अंगावर घेणे, नेसणे. आणि 'वास उपसेवायाम्' अशी तिसरी नोंद आहे. ही सुगंधित करण्याची.

पहिल्या धातूचं खटलं सगळ्यात मोठं. वस्ती, वसणे, निवास, सहवास, रहिवासी, वास्तू, कारावास, आदिवासी, सगळे याच घरातले. प्रवाससुद्धा. आज प्रवास म्हटलं की एसटी किंवा विमान आठवतं, पण 'प्र' लागून मूळ अर्थ होतो घर सोडून दूर राहणे. जाण्यापेक्षा तिथं राहण्यावर भर. उपवासाचं तर आणखी गमतीचं. 'उप' म्हणजे जवळ. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमानानं अग्नीजवळ मुक्काम करायचा, त्या राहण्याला हा शब्द होता. त्या दिवशी खाण्यापिण्याचे नियम असत, म्हणून हळूहळू राहणं मागं पडलं आणि न खाणं पुढं आलं. मग आपण मराठी लोकांनी साबुदाण्याची खिचडी करून तेही मागं पाडलं.

याच घरातला सासुरवास हा शब्द मला नेहमी अडवतो. शब्दशः अर्थ एवढाच की सासरी राहणं. त्यात छळ कुठंही नाही. पण पिढ्यान् पिढ्या बायकांनी तो शब्द ज्या अनुभवासाठी वापरला, तो अनुभव शब्दात मुरला आणि शेवटी शब्दाचा अर्थच तो झाला. आज 'तिला फार सासुरवास झाला' म्हटल्यावर ती सासरी राहिली असा अर्थ कुणी घेत नाही.

सुवासिनीचंही इथंच सांगून टाकतो, कारण गजरा आणि अत्तर यांच्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की सुवासिनी म्हणजे सुवासाची. तसं नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात स्त्रियांच्या नावांत 'स्ववासिनी' असा शब्द येतो आणि 'सुवासिनी' असाही पाठ मिळतो. स्वतःच्या, म्हणजे माहेरच्या घरी राहणारी, असा त्याचा अर्थ. राहण्याचाच धातू. मराठीत तो घासून सवाष्ण झाला आणि अर्थही बदलला, पण फुलांशी त्याचं नातं फक्त हळदीकुंकवाच्या दिवशीचं.

दुसरा धातू नेसण्याचा. वस्त्र आणि वसन त्याचे. कपड्याला संस्कृतात 'वासस्' म्हणतात. शीघ्रकोपी दुर्वास ऋषींच्या नावात हाच शब्द आहे. दुर्वास म्हणजे ज्याची वस्त्रं वाईट, मळकी, फाटकी असा. दुर्गंधीचा आरोप त्यांच्यावर करू नये, केल्यास काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लॅटिनमध्ये कपड्याला 'वेस्तिस' म्हणतात, त्यातूनच इंग्रजी 'व्हेस्ट' आला. तो आणि आपलं वस्त्र हे एकाच दूरच्या पूर्वजाचे वंशज.

तिसऱ्या धातूकडे वळण्याआधी काही तोतयांना दाराबाहेर काढतो. वासरू वासाचं नाही, ते 'वत्सरूप' या शब्दाचं झिजलेलं रूप आहे. घराचा वासा आला 'वंश' म्हणजे बांबू या शब्दातून, तोच बांबू बासरीतही आहे. संकल्पात गुरुजी 'भानुवासरे' म्हणतात त्यातला वासर म्हणजे दिवस, त्याचं नातं उजाडण्याशी, उषेशी. 'वासलात लावणे' मधली वासलात फारसीतून हिशेबाच्या वहीत आली. आणि जुन्या संतकवितेत 'वास पाहणे' भेटलं तर नाक लावून बसू नका, तिथं त्याचा अर्थ वाट पाहणे असा आहे.

तिळातलं फूल

आता आपला वास. धातुपाठातला 'उपसेवायाम्' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काही कळलं नव्हतं. सेवेचा आणि वासाचा काय संबंध? तो कळतो तिळाच्या तेलापाशी.

फुलातून थेट तेल काढणं अवघड. मोगरा, चमेली ही फुलं नाजूक, उकळली की त्यांचा वास बिघडतो. म्हणून आपल्याकडे जुनी रीत अशी: धुऊन सोललेले तीळ पसरायचे, त्यावर ताज्या फुलांचा थर द्यायचा, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. काही तासांनी मलूल फुलं काढून ताजी घालायची. असं कित्येकदा केलं की तीळ फुलाचा वास पिऊन घेतात. मग ते तीळ घाण्यात घालून तेल काढलं की तेलाला चमेलीचा सुगंध येतो, तेलात चमेलीची पाकळीही नसताना. 'तेल-फुलेल' मधलं फुलेल ते हेच. तिळानं फुलाची संगत केली, सेवा केली आणि फुलाचा गुण त्याच्यात उतरला. 'वास्' धातूचा अर्थ हा असा आहे. नुसतं दरवळणं नाही, एका वस्तूचा गुण दुसरीत मुरवणं.

या क्रियेला संस्कृतात नाव आहे वासना. हो, तीच. सिनेमाच्या पोस्टरांनी बदनाम केलेली. बौद्धांच्या योगाचार पंथातल्या आचार्यांना हा दाखला फार आवडे. माणूस काही करतो, भोगतो, आणि ते संपून जातं, फूल कोमेजून जावं तसं. पण मनावर त्याचा गंध राहतो आणि पुढं कधीतरी तो आपलं काम करतो. तो उरलेला गंध म्हणजे वासना. पातंजल योगसूत्रांतही वासना याच अर्थानं येते, कर्माचा चित्तावर उरलेला ठसा. तिथून उरलेली ओढ, मग नुसती इच्छा, आणि शेवटी एकाच प्रकारची इच्छा, असा तिचा अर्थ आकसत गेला.

घरगुती मराठीत मात्र वासना अजून जुना आब राखून आहे. तापातून उठलेला माणूस म्हणतो, "अन्नावरची वासनाच उडालीय." दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की कुणीतरी हळूच म्हणतं, "कशात तरी वासना राहिली असणार." मग कुणी पुढं होऊन हात जोडून सांगतो, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका. त्या वेळी तिथं जमलेल्यांना योगाचार पंथ माहीत नसतो, पण तीळ आणि फूल यांचा हिशेब त्यांना नेमका कळलेला असतो.

हाच वास जेवणानंतरच्या मुखवासात आहे, तोंडाला सुगंधित करणारा. आणि तो दुकानात पोत्यांवर छापलेलाही आहे, आपण वाचून पुढं जातो. बासमती. हिंदीत 'व'चा 'ब' होतो, वासाचा बास झाला, आणि वास असलेला तांदूळ तो बासमती. आपल्याकडं मावळातल्या आंबेमोहोराला वासाचा तांदूळ म्हणतात, म्हणजे मराठीतला बासमतीच म्हणायचा. भाताला येणारा हा वास प्रामुख्यानं एका संयुगाचा असतो, टू-असिटिल-वन-पायरोलीन असं त्याचं जिभेला फेस आणणारं नाव. तेच केवड्याच्या कुळातल्या एका पानातही असतं. साध्या तांदळाच्या भातात ते पान टाकून पाहुण्यांना बासमती म्हणून वाढणाऱ्या सुगरणी मी पाहिल्या आहेत. तिळाची युक्तीच ती.

मग तिघं खरंच वेगळे?

व्याकरणानं तीन धातू वेगळे केले, पण बोलणाऱ्यांनी ते वेगळे ठेवले का? संस्कृतात 'वासयति' असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ राहायला लावतो. त्याचा अर्थ नेसवतो. आणि त्याचा अर्थ सुगंधित करतो. तिन्ही धातूंची ही रूपं हुबेहूब एक. ऐकणाऱ्यानं संदर्भावरून ओळखायचं, आणि कवी-भाष्यकारांनी त्या गोंधळाचा फायदा घ्यायचा.

याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण ईशोपनिषदाच्या पहिल्या ओळीवरच्या शांकरभाष्यात आहे. 'ईशावास्यमिदं सर्वम्' ही ती ओळ. यातलं 'वास्यम्' कोणत्या धातूचं? ईश्वरानं वसवलेलं, की ईश्वरानं पांघरलेलं? शंकराचार्यांनी दुसरा अर्थ घेतला, आच्छादायचं, झाकायचं. इथपर्यंत ठीक. पण समजावताना दाखला दिला तो चंदनाचा. चंदनाचं खोड पाण्यात भिजून राहिलं की त्याला वरवरची दुर्गंधी येते. ते सहाणेवर घासलं की त्याचा स्वतःचा खरा गंध ती दुर्गंधी झाकून टाकतो. तसं या जगाचं आहे, ते आतल्या सत्यानं झाकून टाकावं. शब्दाचा अर्थ नेसण्याच्या धातूचा घेतला, उदाहरण सुगंधाच्या धातूचं दिलं, आणि बोलणं चाललंय कुणीतरी सगळ्यात भरून राहण्याचं. तीन वास एका वाक्यात नांदतायत. हे आचार्यांनी मुद्दाम केलं असं माझं मत आहे, पण ते नुसतं मतच.

मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेच्या विधींतही असंच एक उदाहरण आहे. मूर्तीला पाण्यात ठेवतात तो जलाधिवास, धान्यात ठेवतात तो धान्याधिवास. 'अधिवास' म्हणजे तिथं मुक्काम. पण संस्कृत कोशात 'अधिवासन' काढून पाहिलं तर अर्थ दोन मिळतात: मूर्तीत देवतेला वस्तीला बोलावणं आणि सुगंधित करणं.

नुसता 'वास' वाईट का?

एक प्रयोग करा. स्वयंपाकघरात जाऊन काहीही न बोलता फक्त म्हणा, "वास येतोय." घरातलं माणूस लगेच फ्रिज उघडेल, कचऱ्याचा डबा तपासेल, नाहीतर गॅसचं बटण. 'काय छान वास येतोय' असं कुणी समजणार नाही. वास हा खरं तर तटस्थ शब्द, पण एकटा सोडला की तो वाईट बाजूला घसरतो. चांगला करायचा तर त्याला 'सु' लावावा लागतो, किंवा 'छान' म्हणून हात धरावा लागतो.

हे एकट्या वासाचं किंवा एकट्या मराठीचं नाही. फारसीत 'बू' म्हणजे कसलाही वास, खुश लावलं की खुशबू, बद लावलं की बदबू. हिंदीत नुसता 'बू' म्हटलं की नाक मुरडलं जातं. इंग्रजीत 'स्टिंक' या क्रियापदाचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ वास येणं इतकाच होता, सुगंधालाही तो चाले. कारण साधं आहे. चांगला वास आपण बहुतेकदा गप्प राहून घेतो. बोलतो ते वाईट वासाबद्दल. ज्या शब्दानं रोज तक्रारच सांगितली जाते, तो शब्द तक्रारीचा होऊन बसतो.

या घसरगुंडीवर सगळ्यात खाली पोचलेला मराठी शब्द म्हणजे घाण. संस्कृतातला 'घ्राण' म्हणजे नाक, हुंगण्याची शक्ती. घ्राणेंद्रिय म्हणतो त्यातला. प्राकृतात त्याचा 'घाण' झाला. मराठीत त्याचा अर्थ प्रथम दुर्गंधी असा झाला, 'घाण येतेय' म्हणतो तो अर्थ. मग ज्यातून दुर्गंधी येते ती वस्तूच घाण झाली. आता रस्त्यावरच्या कागदाच्या कपट्यांनाही आपण घाण म्हणतो, ज्यांना कसलाच वास नसतो. नाक हा पवित्र ज्ञानेंद्रियांतला एक मानकरी, आणि त्याच्या नावाचं मराठीत हे असं झालं. (भज्यांचा घाणा आणि तेलाचा घाणा यांचा या घाणीशी संबंध नाही. तळणाऱ्यांनी निश्चिंत असावं.)

याहून नाट्यमय गोष्ट 'गंध' या शब्दाची. संस्कृतात गंध तटस्थ, थोडा चांगल्याकडे झुकलेला. मराठीत तर तो इतका वर गेला की कपाळी लावायचं चंदन म्हणजे गंध. वारकऱ्याचं गोपीचंदन, देवाचं अष्टगंध, 'गंध उगाळणे', सगळं मंगल. 'मला त्याची गंधवार्ताही नव्हती' इथं तो अत्यंत सूक्ष्म, निसटता. पण याच शब्दाचा एक भाऊ लहानपणीच इराणकडं गेला होता. पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता, त्याच्या भाषेत त्याच मुळातला शब्द दुर्गंधीसाठी येतो, फारसीत 'गंद' म्हणजे कुबास, आणि ज्याला तो येतो ते गंदा. काही शतकांनी हा भाऊ फारसी बोलणाऱ्या राजवटींबरोबर परत आला आणि आपल्या घरात राहू लागला. आज एकाच मराठी वाक्यात 'गंध लावलेला माणूस' आणि 'गंदा रुमाल' सुखानं येऊ शकतात, आणि दोघं एका आईचे आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

वर जाणाऱ्या शब्दांत परिमळाचा मान वेगळा. अमरकोशानं सुगंधाच्या शब्दांत बारीक भेद केलाय. घासल्या-चुरडल्यानं जो मनोहर गंध उठतो तो परिमल, आणि दूरवर पसरतो तो आमोद. म्हणजे सहाणेवर चंदन उगाळताना येतो तो परिमळ, आणि रस्त्याच्या वळणावर रातराणी दिसायच्या आधीच येतो तो आमोद. मराठीत हा भेद राहिला नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी शब्दांच्या गोडीवरून इंद्रियांचं भांडण लागतं, त्यात नाकालाही वाटतं की हा परिमळच आहे. पण आता परिमळ कवितेपुरता उरलाय. कोकणीत मात्र 'परमळ' अजून रोजच्या बोलण्यात आहे, फुलवालीच्याही तोंडी.

मला वास येत नाही

व्याकरणाचा एक मुद्दा, जो मला २०२० साली कळला. करोनाच्या पहिल्या वर्षात घराघरातून एक वाक्य ऐकू येत होतं, "मला वास येत नाहीये." म्हणजे माझं नाक काम करत नाही. आता हे वाक्य पाहा: "दुधाला वास येतोय." इथं दुधाचं नाक काम करतंय असा अर्थ नाही. दूध नासलंय. घेणारा आणि देणारा, दोघांनाही मराठी एकच 'ला' लावते, आणि क्रियापदही एकच, येणे. 'त्याला वास येतो' या वाक्याचे म्हणूनच दोन अर्थ होतात, आणि त्यांतला एक अर्थ त्याच्या तोंडावर बोलण्यासारखा नसतो.

मराठीत वास आपण क्वचितच 'करतो'. वास येतो, जातो, सुटतो, लागतो, राहतो. पाहुण्यासारखा. 'घेतो' तेव्हाही आलेलाच घेतो. 'मारतो' मात्र फक्त वाईट वास, सुवास मारतो असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. आणि लपवलेली गोष्ट कुणाला कळली तर 'त्याला वास लागला'. मांजरीला लागतो तसा.

रंगांना जशी स्वतंत्र नावं असतात, तशी वासांना नसतात, ते नेहमी 'अमक्यासारखा' असं सांगावं लागतं, असं पाश्चात्त्य अभ्यासक बराच काळ धरून चालले होते. २०१४ मध्ये असिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी मलेशियातल्या जहाई नावाच्या शिकारी-संग्राहक जमातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जहाईंच्या भाषेत वासांसाठी डझनभर खास शब्द आहेत, आणि रंग सांगावेत तितक्याच सहज ते लोक वास सांगतात. ते वाचून मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. खोबऱ्याला, दाण्यांना, जुन्या तेलाला खवट. बंद खोलीला, पावसात न वाळलेल्या कपड्यांना कुबट. मासळीच्या भांड्याला वशट. पीठ उतू लागलं की आंबूस. आणि फोडणीला, भाजलेल्या बेसनाला खमंग. हे 'कशासारखे' नाहीत, वासांची स्वतःची नावं आहेत. कुबट कशासारखा हे सांगा बरं, कुबटासारखाच. मराठीनं हेच शब्द पुढं माणसांवरही लावले: खवट म्हातारा, कुजकट बोलणं, खमंग बातमी.

मातीचा वास

पहिल्या पावसानंतरच्या वासाबद्दल लिहिल्याशिवाय मराठी माणसाला वासावर लेख संपवता येत नाही, तेव्हा मीही लिहितो, पण कवितेच्या बाजूनं नाही. न्यायशास्त्राची बाराखडी शिकवणाऱ्या अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात पृथ्वीची व्याख्या एवढीच आहे: जिला गंध असतो ती. पाण्याला नाही, तेजाला नाही, वाऱ्याला नाही. गंध फक्त पृथ्वीचा, आणि त्याचे प्रकार दोन, सुरभी आणि असुरभी. मग वाऱ्याला वास येतो तो? त्यात पृथ्वीचे कण असतात म्हणून. रसायनशास्त्राला यातला शेवटचा भाग मान्य होण्यासारखा आहे, कारण वास म्हणजे वस्तूपासून सुटून नाकापर्यंत आलेले रेणूच.

कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी दिलं. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं दगडामातीत मुरून बसतात, पाऊस पडला की ती बाहेर पडतात. त्यात मातीतले जिवाणू तयार करतात ते जिओस्मिन मिसळतं. आपलं नाक त्याच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे, एक लाख कोटी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी कळतात. कन्नौजचे अत्तरवाले या वासाला हे नाव मिळायच्या कितीतरी आधीपासून भाजलेली माती तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्यासह तापवून तिचं अत्तर काढत आलेत. चंदनतेलात ते धरून ठेवायचं, पुन्हा तीच वासना.

रात्र काढलेलं

शेवटी परत राहण्याच्या धातूकडे, कारण एक शब्द मी मुद्दाम राखून ठेवला होता. भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं.

'वस्' म्हणजे राहणे याला 'परि' लागून संस्कृतात 'पर्युषित' होतो. शब्दशः अर्थ, रात्र काढलेलं. मुक्काम केलेलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामसी माणसाला आवडणारं अन्न सांगितलंय, त्यात 'पूति' आणि 'पर्युषित' हे शब्द शेजारी शेजारी येतात. पूति म्हणजे दुर्गंधी येणारं, पर्युषित म्हणजे शिळं. हिंदीतला 'बासी' तसाच, रात्रभर राहिलेला.

मराठीत पर्युषित झिजून झिजून काय झाला? पारोसा. सकाळी अंघोळ न केलेला माणूस पारोसा. आदल्या दिवशीचं भरून ठेवलेलं पाणी पारोसं, देवावरची काल वाहिलेली फुलं पारोशी, दिवस वर आला तरी न झाडलेलं घर पारोसं. आजी ओरडायची, "पारोशानं देवघरात जाऊ नकोस," तेव्हा मला वाटायचं की तो अंघोळीबद्दलचा शब्द आहे. तो रात्रीबद्दलचा निघाला. जो कालचा मुक्काम अजून अंगावर घेऊन फिरतोय, तो.

गेल्या रविवारी हे सगळं भाच्याला सांगायला बसलो होतो. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजले होते, पोरगं पायजम्यातच होतं, केस उभे. धातुपाठ वगैरे सोडून दिलं आणि फक्त पारोसा शिकवला. त्यानं दोनदा म्हणून पाहिला, मग विचारलं, "आणि वनवासात राम?"

रोज नदीवर अंघोळ करायचा, असं मी सांगितलं.

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि कॉल चालू ठेवूनच दात घासायला गेला.